पुरावा म्हणून माझं डोकं

"मान जरा पुढं घ्या, भूपालदादा," दस्तगीर म्हणाला आणि माझ्या कपाळाच्या वर, केसांच्या कडेखाली ओला ब्रश सरकवला.

केस म्हणजे माझे नव्हेत, मी विकत घेतलेले. तिशीच्या आतच माझ्या डोक्याच्या मधोमध जमीन उघडी पडली होती. मग इचलकरंजीच्या 'न्यू लुक हेअर स्टुडिओ'त जाऊन त्या जमिनीवर मी एक पॅच बसवून घेतला. पातळ जाळीवर विणलेले केस, कडेनं टेप आणि गोंद. महिन्या-दीड महिन्यानं तो काढायचा, डोकं साफ करायचं आणि पुन्हा चिकटवायचा. हे गुपित तिघांनाच ठाऊक होतं: स्टुडिओचा मालक नंदू खोत, पॅच बसवणारा दस्तगीर नदाफ आणि माझी आई. आईला मोजण्यात अर्थ नाही, कारण तिनं माझं टक्कल कधी मान्यच केलं नाही. ती म्हणायची, "ऊन बाधलंय, येतील परत."

मे महिना होता आणि रमजान चालू होता. पाच वाजता मला त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या साडीच्या दुकानात पोचायचं होतं. तिथं माझी आई, त्रिशला चौगुले आणि तिचे वडील आदगोंडा अण्णा साखरपुड्याची साडी घ्यायला येणार होते. बरेच नकार पचवून चौतिसाव्या वर्षी जमलेलं लग्न होतं ते. पहिल्या भेटीत अण्णा म्हणाले होते, "केस बाकी दाट आहेत हो तुमचे." मी मान किंचित तिरकी करून म्हणालो होतो, "आमच्या घराण्यातच आहे, अण्णा." आमच्या घराण्यात आजोबा, वडील आणि दोन्ही काका, सगळ्यांची डोकी घासलेल्या तांब्यासारखी. भिंतीवरचे त्यांचे फोटो मी लग्न पार पडेपर्यंत कपाटात ठेवून दिले होते.

ब्रश फिरला तसं डोकं आधी गार पडलं, मग जळजळायला लागलं. केबिनभर गोडसर वास पसरला. हा वास माझ्या ओळखीचा होता. मी कापडाच्या गोदामात नोकरीला. मागावरून उतरलेलं कापड आमच्याकडं तपासायला येतं, त्यावर तेलाचे डाग असतात आणि ते काढायला एक लिक्विड मारतात.

"दस्तगीर, हे आमच्या गोदामातलं वाटतंय."

"तेच असंल, दादा. आधीचं बाहेरनं यायचं, लई म्हाग. मालकांनी ह्यो कॅन आणलाय. कापडावरचा डाग जातोय आन् धाग्याला काय होत न्हाई, तर पॅचच्या जाळीला काय हुणार, म्हणले."

"आणि डोक्याला?"

"डोक्याचं काय बोलले न्हाईत."

आमच्या गोदामात ते लिक्विड उघड्या दारात, पंखा लावून मारतात, आणि मारणाऱ्या बायका नाकाला पदर बांधतात. इथं केबिनला खिडकीच नव्हती. 'संपूर्ण गोपनीयता' ही खोतची जाहिरातच होती. मध्यंतरी एक्झॉस्ट पंखा बसवायचं निघालं होतं, पण भिंतीला भोक पाडलं की शेजारच्या गच्चीवरून दिसेल म्हणून आम्हा गिऱ्हाइकांनीच खोतकडं एकेकट्यानं तक्रारी करून ते हाणून पाडलं. त्यात माझा आवाज बराच मोठा होता. त्यामुळं दार बंद, एसी चालू, आणि लग्नसराईतल्या नवरदेवांचे काढलेले पॅच उघड्या ट्रेमध्ये त्याच लिक्विडात भिजत पडलेले. दस्तगीर सकाळपासून तिथंच उभा होता, रोजा धरून.

त्यानं माझा पॅच काढून ट्रेशेजारी ठेवला आणि उरलेला गोंद कापसानं पुसायला घेतला. मला एकदम फार हलकं, छान वाटायला लागलं. त्रिशलाशी काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकत होतो आणि एकही वाक्य धड जमत नव्हतं. आता मात्र वाक्यामागून वाक्य सुचत होतं. मी ती दस्तगीरला म्हणूनही दाखवली. आपण इतके रसाळ आहोत हे आपल्याला आजवर कसं कळलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत होतं.

"दादा, लाइट कमी केली का कुणी?" दस्तगीर म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

"नाही रे. ऐक, पुढचं ऐक."

पुढचं ऐकायला तो उभा नव्हता. त्यानं माझी खुर्ची धरली, ती फिरली आणि तो खाली कोसळला.

अशा वेळी माणूस काय करतो यावर मी पूर्वी मित्रांना बरंच ज्ञान दिलेलं आहे. प्रत्यक्षात मी आधी आरशात बघितलं. मधोमध लालबुंद टक्कल, कडेनं गोंदाचे लोंबते धागे, गळ्याभोवती पांढरं कापड. मग दस्तगीरकडं बघितलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते आणि तोंडातून ओकारी आली होती. मी त्याला कुशीवर केलं, दार उघडलं, खोतला हाका मारल्या. खोत चहाला गेला होता. मी दस्तगीरला उचलायला वाकलो आणि पुन्हा सरळ झालो, कारण जिना थेट साडीच्या दुकानाच्या काचेसमोर उतरत होता. एक माणूस जमिनीवर पडलाय आणि मी खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधतोय, गाठ नीट बसली का ते आरशात बघतोय. लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती, पण लाज वाटायला लागते ती शुद्ध तेव्हा माझ्याकडंही फारशी नव्हती.

वॉचमनच्या मदतीनं त्याला खाली आणलं. काचेपलीकडं आईची पाठ दिसली, आणि त्रिशला एक मोरपंखी साडी खांद्यावर लावून बघत होती. मी मान खाली घालून दस्तगीरला रिक्षात घातलं.

दवाखान्यात नर्सनं माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही भाऊ का यांचे? रोजा कधीपासून आहे?"

"पहाटेपासून," मी म्हणालो. भाऊ नाही हे सांगायचं राहूनच गेलं.

डॉक्टर हंजे तरुण होते. त्यांनी नाडी बघितली, साखर तपासायला घेतली, सलाईन लावलं. तेवढ्यात खोत धापा टाकत आला. वॉचमननं त्याला कळवलं असणार.

"रोजा आहे हो, डॉक्टर," खोतनं आल्याआल्या सुरू केलं. "मी किती सांगतो, एवढ्या उन्हाळ्यात झेपत नाही. ऐकतच नाहीत."

त्याच्या मागोमाग दस्तगीरची आई आली. खैरूबी. लहानखुरी म्हातारी, पायात चप्पल नाही. तिनं खोतचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि दारातच खाली बसली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "आज माझा डोळाच उघडला न्हाई. पहाटं सहरीच्या जेवणाला उठवलं न्हाई मी त्येला. तसाच उपाशी रोजा धरला पोरानं. मीच मारलं माझ्या पोराला."

"मारलं वगैरे काही नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "अशक्तपणा आहे. सलाईन संपलं की घरी न्या. उद्या रोजा धरू देऊ नका."

मी भिंतीला टेकून उभा होतो. हे उपवासाचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझी आई पर्युषणात दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढते आणि अकराव्या दिवशी शेजारणीशी भांडते. एका चुकलेल्या जेवणानं धडधाकट माणसाची जीभ अशी अडखळत नाही. शिवाय मी दुपारी पोटभर आमरस खाऊन गेलो होतो, तरी माझं डोकं अजून गरगरत होतं.

"डॉक्टर, तिथं एक लिक्विड..." मी सुरुवात केली. रुमालाची गाठ टोचत होती म्हणून हात वर गेला आणि रुमाल सुटून खाली पडला. नर्स बघत राहिली. खैरूबीनंही वर बघितलं.

खोतनं माझं कोपर धरलं. "भूपाल, जरा बाहेर ये."

बाहेर त्याच्या गाडीत सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत माझे केस.

"तू तिथं नव्हतासच," खोत हळूच म्हणाला. "दस्तगीर एकटाच होता. बस, टेप लावून देतो. पाच मिनिटांत दुकानात. पावणे खोळंबलेत तुझे."

त्याच वेळी फोन वाजला. "कुठं आहेस रे?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "अण्णा दोनदा घड्याळ बघून झाले. तिनं मोरपंखी घेतली. आता नवरा मुलगा तेवढा घ्यायचा राहिलाय."

मी गाडीत बसलो. मनातल्या मनात सगळं जुळवून झालं होतं: डॉक्टर आहेत, सलाईन लावलंय, म्हातारी जवळ आहे, दुकानातून मोकळा झालो की फोन करून सांगूच. खोतनं टेप लावला. जळलेल्या कातडीवर तो बसला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यानं पॅच दाबून कंगवा फिरवला आणि मी गाडीच्या आरशात बघितलं, तर आत एक बऱ्यापैकी देखणा नवरदेव बसला होता. लिक्विडाचा अंमल म्हणा की काय, मी त्याच्याकडं बघून जरा हसलोसुद्धा.

"उद्या सकाळी दोन नवरदेव आहेत," खोत कंगवा पुसत म्हणाला. "तोवर येईल हा उभं राहायच्या लायकीचा."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. खैरूबी होती. मी काच खाली केली. ती मला न्याहाळत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, हितं एक टकलं दादा हुतं, बगितलं का कुठं? माझ्या पोराला त्येंनीच उचलून आणलं. मी रडत बसले आन् त्ये गेलं. त्येंच्या पाया पडायचं राह्यलंय."

खोत पुढच्या रस्त्याकडं बघत राहिला. चार वर्षं ज्या केसांसाठी मी महिन्या-दीड महिन्याला डोकं खरवडून घेत होतो, त्यांनी पहिल्यांदाच आपलं काम चोख केलं होतं. मी पूर्णपणे लपलो होतो.

"चाची, तो दादा आतच आहे," मी म्हणालो. "चला, दाखवतो."

"भूपाल, वेडा झालास काय," खोत म्हणाला.

डॉक्टर टेबलाशी काहीतरी लिहीत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, कपाळाजवळची कड धरली आणि पॅच ओढला. सिनेमात असं एका झटक्यात निघत असेल. माझा अर्ध्यावर अडकला, आणि तो नर्सला कात्रीनं सोडवावा लागला. मी बोंब मारली हेही सांगून टाकतो.

"तुम्ही मघाचे..." डॉक्टर म्हणाले.

"मघाचाच. मधे केस आले होते." मी डोकं त्यांच्यापुढं वाकवलं. "हे बघा. जे लिक्विड माझ्या डोक्याला लावलं, तेच हा माणूस सकाळपासून बंद खोलीत हुंगतोय. कापडावरचे तेलाचे डाग काढायचं आहे ते. आज मी जेवूनखाऊन गेलो होतो, तरी मलाही चक्कर आली. हे रोज्याचं नाही."

डॉक्टरांनी टॉर्च घेतला. "नाव काय त्या लिक्विडचं?"

मी गोदामातल्या कारकुनाला फोन लावला आणि ड्रमवरचं इंग्रजी अक्षर न् अक्षर वाचायला लावलं. मिथिलीन क्लोराइड. ते ऐकताच डॉक्टर उठलेच. नर्सला म्हणाले, "ऑक्सिजन लाव आधी. फुल." मग माझ्याकडं वळले. "हे श्वासातून गेलं की अंगात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यासारखं. सलाईन देऊन मी याला घरी पाठवणार होतो, आणि हा उद्या पुन्हा तिथंच जाणार होता."

नळी लावली, मास्क बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दस्तगीरनं डोळे नीट उघडले आणि आईला ओळखलं. खैरूबी त्याच्या पायथ्याशी उभी होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे सहरी चुकली म्हणून न्हवं?"

"नाही, आजी. तुमचा काहीच दोष नाही."

तिनं तेच मलाही विचारलं. डॉक्टरांवर विश्वास नव्हता असं नाही, तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी म्हणालो, "नाही चाची, तुमच्यामुळं नाही." तिनं पदर तोंडाला लावला. गाडीच्या आरशातल्या त्या हसऱ्या नवरदेवाला तेव्हा धरून बदडावंसं वाटलं मला. त्याच्या केसांपायी ही बाई जन्मभर स्वतःला पोराची वैरीण समजत राहिली असती.

आम्हा जैनांकडं सूर्य मावळला की जेवण बंद, त्यांच्याकडं सूर्य मावळला की सुरू. नेमक्या त्या वेळी खैरूबीनं पिशवीतून खजूर काढला, एक स्वतः तोंडात टाकला आणि एक माझ्यापुढं धरला. मी खिडकीबाहेर बघितलं, अजून थोडा उजेड आहे असं ठरवलं आणि खाल्ला.

खजूर तोंडात असतानाच दारात आई उभी राहिली. तिच्या मागं साडीचं खोकं घेतलेली त्रिशला आणि तिच्या मागं आदगोंडा अण्णा. वॉचमननं त्यांनाही कळवलं होतं. त्या क्षणी नर्स माझ्या टकलावर मलम लावत होती आणि डॉक्टर टॉर्च धरून उभे होते. म्हणजे काही दिसायचं राहिलं नव्हतं.

"ऊन बाधलंय त्याला," आई लगेच म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडं, मग टेबलावरच्या पॅचकडं बघितलं. "घराण्यातच आहे म्हणाला होता तुम्ही."

"घराण्यातच आहे, अण्णा," मी म्हणालो. "टक्कल."

त्रिशला पुढं आली. तिनं कॉटकडं बघून विचारलं, "वाचतील ना ते?"

"डॉक्टर वाचेल म्हणतात."

"मग तुम्ही मान हलवू नका. मलम डोळ्यात जाईल." एवढं बोलून ती वडिलांबरोबर गेली. खोकंही घेऊन गेली.

नकार दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अण्णांनी आईला सांगितलं की केसांचं काही नाही, पण पहिल्याच भेटीत जो खोटं बोलला त्याच्या घरी मुलगी कशी द्यायची. आईनं वॉचमनला दोन शिव्या दिल्या आणि विषय संपवला. त्रिशलाचं लग्न पुढं सांगलीच्या एका इंजिनिअरशी झालं. त्याचे केस स्वतःचे आहेत असं ऐकतो, मी खात्री केलेली नाही.

त्याच दुपारी डॉक्टरांच्या कळवण्यावरून औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या औषध निरीक्षक ऐनापुरे मॅडम स्टुडिओत आल्या. मलाही बोलावलं होतं. पंच म्हणून साडीच्या दुकानाचा मालक आणि वॉचमन. कॅन मधोमध ठेवला होता. खोत मात्र रात्रभरात बराच कायदा शिकून आला होता.

"मॅडम, त्यावर स्पष्ट लिहिलंय, फक्त कापडासाठी," तो म्हणाला. "खुर्चीची कव्हरं पुसायला ठेवतो आम्ही. तुमचा संबंध क्रीम-पावडरशी. हे त्यात बसतच नाही."

"बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खुर्चीला लावत असाल तर मी चहा पिऊन परत जाते. पण माणसाला नटवायला अंगाला लावलं, की ते माझ्या कक्षेत येतं. मग परवाना कुठाय, आत काय आहे, कुणी बनवलं, सगळं विचारते."

"मग अंगाला लावल्याचं दाखवा की," खोत म्हणाला. "दस्तगीर आजारी आहे, त्याला काय आठवतंय? त्याच्या हातांवरच्या चट्ट्यांचं म्हणाल तर साफसफाईत लागलं असेल. आणि माझं एक गिऱ्हाईक तुमच्यापुढं येऊन बोलणार नाही. मी सांगतो ना."

ते खरं होतं. केबिनबाहेरच्या बाकावर सकाळपासून एकही नवरदेव फिरकला नव्हता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी टोपी घालून गेलो होतो. ती काढली.

पॅचच्या आकाराचा, कडेनं रेखल्यासारखा लाल पट्टा. साडीच्या दुकानदाराच्या तोंडून च् च् निघालं. दारात बरीच गर्दी जमली होती, त्यात आमच्या गोदामातलेही दोघं होते.

"फोटो घ्यावे लागतील," मॅडम म्हणाल्या. मग थोडं पुढं येऊन, दारातल्या गर्दीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "नुसतं डोकं घेते. चेहरा नाही आला तरी चालवून घेऊ."

मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. पण मी खोतकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली.

"चेहरा येऊ द्या, मॅडम," मी म्हणालो. "नाहीतर हे म्हणतील, कुणाचं तरी डोकं आहे."

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. स्टुडिओ तोवर बंद झाला होता. माझी साक्ष झाली तेव्हा न्यायाधीशांनी तो फोटो जवळ घेतला, चष्मा वर केला आणि खाली केला.

"साक्षीदार यात हात वर करून काय करतोय? सलाम?"

चार वर्षांची सवय होती. कॅमेरा समोर आला की हात आपोआप वर जायचा, आणि तो नेमका तसाच सरकारी पुराव्यात आला होता.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "केस सारखे करत होतो."

अख्खं कोर्ट हसलं. खोतचा वकीलसुद्धा हसला. पण सगळ्यांच्या वर एक आवाज चढला, मागच्या बाकावरून, इतका खणखणीत की शिपायाला दटावावं लागलं. मी वळून बघितलं तर दस्तगीर होता, खैरूबीच्या शेजारी, पोट धरून हसत. त्या केबिनमध्ये आम्ही कायम कुजबुजत बोलायचो. चार वर्षं त्यानं माझं डोकं हातात घेतलं, पण तो एवढ्या मोठ्यानं हसतो हे मला त्या दिवशी कळलं.